माजिवड्याचं दप्तर कोण ठेवणार?

मुंबईहून नाशिकला निघालेला रस्ता ठाण्यात जिथे घोडबंदर रस्त्याला फाटा देतो, तिथे माजिवडा आहे. वर उड्डाणपूल, शेजारी मेट्रोचे खांब, एका अंगाला मॉल आणि दुसऱ्या अंगाला आकाशात गेलेले टॉवर. या सगळ्याच्या पोटात जुनं गावठाण अजून तग धरून आहे. महसुली कागदांत ते मौजे माजिवडे. माजिवडा, बाळकूम, कोलशेत, ढोकाळी या पट्ट्यातल्या जमिनीने गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत तीन जन्म घेतले. आधी खाडीकाठची भातशेती, मग कारखाने, मग गृहसंकुलं.

प्रत्येक जन्माने आपापले कागद मागे ठेवले. शेतीच्या काळाने आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, फेरफार वही आणि पीकपाहणीची पत्रकं ठेवली. कारखान्यांच्या काळाने हजेरीपट, पगाराच्या नोंदवह्या, युनियनशी झालेले करार, अपघातांच्या नोंदी. आताच्या काळाचे कागद म्हणजे मंजूर नकाशे, भोगवटा दाखले, सोसायट्यांची इतिवृत्तं. यांपैकी काय आज हातात घेऊन पाहता येईल? जमिनीचं बरंचसं. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार ज्या जिल्ह्यांचे सर्वांत आधी आले, त्यांत ठाणे होतं. कारखान्यांच्या काळाचं मात्र सार्वजनिक जागी जाऊन पाहावं असं जवळजवळ काही नाही. आणि टॉवरचे कागद कुठल्यातरी सेक्रेटरीच्या कपाटात किंवा बिल्डरच्या गोदामात.

म्हणजे निवड होऊन गेली आहे. जमिनीला किंमत आहे म्हणून जमिनीचा कागद टिकला. माणसाच्या श्रमाचा, शाळेचा, गावसभेचा कागद गेला किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. ही निवड कुणी बसून, विचार करून, कारणं लिहून केली नाही, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

सरकारी कार्यालयात कागदाचं आयुष्य कसं ठरतं ते पाहण्यासारखं आहे. प्रकरण निकाली निघालं की त्याला वर्ग दिला जातो. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे 30 वर्षं, ‘क’ म्हणजे 10 वर्षं, ‘क-1’ म्हणजे 5 वर्षं, आणि ‘ड’ म्हणजे एक वर्ष. मग गठ्ठे बांधायचे: ‘अ’ला लाल कापड, ‘ब’ला हिरवं, ‘क’ला पिवळं, ‘ड’ला पांढरं. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी या जुन्या नियमांना शिस्त लावून अभिलेख कक्ष झाडून-पुसून उभे केले, आणि ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द महसूल खात्यात रूढ झाला. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या पद्धतीतही शेवटचे दोन गठ्ठे याच कामाचे आहेत. एक अभिलेख कक्षाकडे पाठवायचा, दुसरा नष्ट करायचा.

पद्धत चांगली आहे. अडचण अशी की वर्ग देणारा हात बहुतेक वेळा त्या टेबलावरच्या लिपिकाचा असतो. त्याच्यासमोर प्रश्न एवढाच असतो की या फायलीची कार्यालयाला पुन्हा गरज लागेल का. पन्नास वर्षांनी एखाद्या आगरी कुटुंबाच्या नातीला, कामगाराच्या विधवेला किंवा खाडीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ती लागेल का, हे त्याने विचारावं अशी कुणाची अपेक्षा नसते. त्याला ते कुणी शिकवलेलंही नसतं.

कायद्याने हे ओळखलं आहे. केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमावा, अल्पकाळच्या कामाचे कागद वेळोवेळी छाटावेत, आणि 25 वर्षांहून जुन्या कागदांचं मूल्यमापन पुराभिलेखागाराशी सल्लामसलत करून करावं अशी तरतूद आहे. 1892 पूर्वीचा कागद तर अगदी वाचण्यापलीकडे गेल्याशिवाय नष्टच करता येत नाही. महाराष्ट्राने त्याच धर्तीवर 2005 चा आपला कायदा केला. बेकायदा नाशनाला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहिती अधिकारात ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर आलं की माहिती आयुक्तांकडे याच कायद्याचा आधार घेतला जातो. म्हणजे हा कायदा आपल्याला आठवतो तो कागद हरवल्यावर. कागद ठेवायचा की नाही हे ठरण्याच्या क्षणी तो कुणाला आठवत नाही.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात सुमारे 40 हजार रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. पेशवे दप्तर म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो ते हेच. पण ते टिकलं कशामुळे? 1818 नंतर इंग्रजांना वसूल ठरवायचा होता, इनामं तपासायची होती. कुणाचं वतन खरं आणि कुणाचं खोटं, हे शोधायला पेशव्यांचे हिशेब हवे होते. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने आणखी कागद गोळा केले, तेही लोकांची इनामं काढून घेता यावीत म्हणून. त्या इमारतीचं नावच ‘एलियनेशन ऑफिस’ होतं. इतिहासाच्या प्रेमाने त्यातला एक रुमालही बांधला गेला नव्हता. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास, पागा, जमाव अशी त्याची विभागणी बघितली तरी हे पैशाचं आणि फौजेचं दप्तर आहे हे कळतं.

तरी त्याच हिशेबांतून समाज बाहेर आला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून उतारे निवडले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 मध्ये त्यांवर निबंध वाचला आणि दाखवलं की जमाखर्चाच्या या नोंदींत न्याय कसा चाले, दंड कशाला होई, जातीचे तंटे कसे मिटत, हे सगळं दडलेलं आहे. कारकुनाने पैशासाठी लिहिलेली ओळ शंभर वर्षांनी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. अभिलेखांच्या निवडीत सर्वांत मोठा पेच हाच आहे. कागद ज्या कामासाठी लिहिला ते काम संपतं, आणि त्याचं दुसरं काम अजून कुणाला माहीत नसतं.

वाडांची निवडसुद्धा निवडच होती. पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या आग्रहावरून गो. स. सरदेसायांना दप्तर उघडून दिलं गेलं आणि 1930 ते 1934 या काळात ‘पेशवे दप्तरा’चे 45 भाग छापून निघाले. एवढं प्रचंड काम, तरी त्या डोंगरातले काही हजारच कागद त्यांत आले. पुण्यातल्या संशोधकांना राग होता तो याचा: दप्तर सर्वांना खुलं करण्याऐवजी एका गटाच्या निवडीवर सोपवलं. त्या वादात व्यक्तिगत कडवटपणा खूप होता, पण मूळ हरकत मला आजही बरोबर वाटते. निवडणारा कितीही थोर असला तरी त्याच्या निवडीमागचा ढीग दुसऱ्यांना पाहता आला पाहिजे. सुदैवाने तो ढीग फेकला गेला नाही. म्हणूनच आज कुणी दुष्काळाचा, कुणी बाजारभावांचा, कुणी स्त्रियांवरच्या खटल्यांचा शोध घेत तिथे जाऊ शकतो. सरदेसायांना यातलं फारसं महत्त्वाचं वाटलं नसतं.

वि. का. राजवाड्यांची रीत याच्या उलट होती. सरकारी दप्तराचं दार बंद म्हटल्यावर ते गावोगाव हिंडले. जहागीरदारांच्या वाड्यांत, भिक्षुकांच्या पडवीत, माळ्यावरच्या पेटाऱ्यांत जे मिळेल ते पाहिलं. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघत गेले, ते 22 पर्यंत. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या कागदांवर आयुष्य वेचत होते. आणि ठाण्यात वि. ल. भावे होते. 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांतले ते प्रमुख. जुन्या कवींच्या पोथ्या मिळवण्यासाठी त्यांनी जी धडपड केली, त्यावर ‘महाराष्ट्र सारस्वत’ उभं राहिलं. आपल्या शहराने हा वारसा लक्षात ठेवायला हवा. ठाण्यात कागद गोळा करण्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती सरकारने सुरू केलेली नाही.

पण राजवाड्यांच्या रीतीलाही एक आडवळण आहे. ते ज्या घरांत गेले त्या घरांत कागद होता. ज्या घरांत कागदच नव्हता, त्यांचं काय? खाडीवर जाळं टाकणारा कोळी, मिठागरावर राबणारा, वीटभट्टीवरचा कातकरी यांच्याकडे पेटारा नव्हता. त्यांचं नाव कुठे आलं असेल तर दुसऱ्याने लिहिलेल्या वहीत.

याचा प्रत्यय 2023 साली साऱ्या राज्याला आला. 7 सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झालं. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मला दिसलं ते अभिलेख कक्षांत जे घडलं ते. कुठली कुठली दप्तरं उघडली गेली! खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, 1951 ची राष्ट्रीय नोंदवही, जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, शाळेचं जनरल रजिस्टर, पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगातली कच्च्या कैद्यांची नोंदवही, अबकारी खात्याच्या ताडीच्या नोंदी. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सरकारने सांगितलेला आकडा 54 लाखांहून अधिक नोंदींचा होता. ताडीच्या परवान्याची वही ज्या दिवशी बंद झाली, त्या दिवशी तिला कुठला वर्ग द्यावासा वाटला असता? कुणीही ‘क’च्या वर जाऊ दिलं नसतं.

ज्या गावात ती वही राहिली तिथल्या माणसाला पुरावा मिळाला. जिथे ती वाळवीने खाल्ली किंवा कुणी विकून टाकली, तिथल्या माणसाला मिळाला नाही. दोघांत फरक फक्त वहीचा. जात पडताळणीला आजही अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर तो पुरावा म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. त्या वहीचं शेवटचं पान फाटलं की एक घर फाटतं. ज्या राज्यात एवढं काही एका वहीवर अवलंबून आहे, तिथे ती वही ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला एक लोखंडी कपाटसुद्धा मागून मिळत नाही, हे मला अत्यंत अन्यायाचं वाटतं.

आता कारखान्यांकडे येतो, कारण ठाण्याचा खरा तोटा तिथे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली. घोडबंदर रस्ता, पोखरण रस्ता, कोलशेत, कळवा, पलीकडे डोंबिवली, अंबरनाथ, शहाड असा हा पट्टा दोन पिढ्या भोंग्यावर जागा होत होता. रंग, औषधं, रेयॉन, लोकर, यंत्रं. कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून, केरळातून माणसं आली ती याच भोंग्यासाठी. रेमंडची ठाण्यातली गिरणी 2009 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी आंबिवलीच्या एनआरसी कारखान्याला टाळं लागलं आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं लढला गेला. जमिनीचं मोल एवढं वाढलं होतं की कारखाना बंद झाल्यावर तिथे काय होतं हे टिपायला कुणाला उसंत नव्हती.

बंद कारखान्याचे कागद कुठे जातात? कायद्याची सक्ती फार थोडी आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं मागच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवायची. 1936 च्या वेतन कायद्याने पगाराची नोंदवही शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं सांभाळायला सांगितली. कामगाराचं आयुष्य तीन वर्षांत संपत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ते भोगलं आहे. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि प्रत्येकाला सिद्ध करायचं होतं की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर मी गिरणीत कामाला होतो. कुणाकडे तिकीट, कुणाकडे भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, कुणाकडे राज्य विम्याचं कार्ड. ज्या वहीत सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात तो हजेरीपट जागेवर असता, तर हजारो म्हाताऱ्या माणसांची पायपीट वाचली असती.

उद्योगसमूहांनी मनावर घेतलं की काय होतं, तेही आपल्या जवळच पाहता येतं. गोदरेजने 2006 मध्ये विक्रोळीत आपलं अभिलेखागार सुरू केलं. टाटांचं पुण्यात आहे. रिझर्व्ह बँकेचं 1981 पासून तेही पुण्यातच. ही संस्थांची स्वतःची निवड आहे आणि स्वाभाविकच त्यात संस्थापक, उत्पादनं, जाहिराती, संचालक मंडळाचे निर्णय यांना मानाचं स्थान मिळतं. संपाच्या काळात युनियनने वाटलेलं पत्रक किंवा रसायनाच्या टाकीजवळ झालेल्या अपघाताचा चौकशी अहवाल ठेवण्याची उत्सुकता तिथे तेवढी असेल, असं धरून चालता येत नाही. ते काम बाहेरच्या कुणीतरी करायला हवं. ठाण्यात तसं कुणी नाही.

गावांच्या दप्तरांचं दुखणं वेगळं आहे. 1982 मध्ये ठाणे नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीची झाली. ग्रामपंचायत बरखास्त होते तेव्हा तिची घरपट्टीची आकारणी, म्हणजे नमुना 8, ग्रामसभेची इतिवृत्तं, विहिरी आणि पाणंदींच्या नोंदी यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न अधिसूचनेच्या एका ओळीत मिटवला जातो. कल्याणजवळच्या 27 गावांची कथा तर सर्वश्रुत आहे. ती 2002 मध्ये महापालिकेतून बाहेर, 2015 च्या जूनमध्ये पुन्हा आत, 2020 मध्ये त्यांतली 18 गावं पुन्हा बाहेर काढायचा आदेश, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रत्येक फेऱ्यात कपाटं इकडून तिकडे. 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हाही ठाण्याची दप्तरं तालुक्यांच्या हद्दीने विभागली गेली. कपाट हललं की काहीतरी गळतं. मंत्रालयाला 21 जून 2012 ला लागलेली आग सर्वांना आठवते, कारण ती दूरदर्शनवर दिसली. गावचावडीतली गळती कुणाला दिसत नाही.

आणि कागद नीट नसला की खोटा कागद चालून जातो. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचं प्रकरण ताजं आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली गेली. घरं घेतलेल्या माणसांवर 2024 मध्ये पाडकामाच्या न्यायालयीन आदेशाची टांगती तलवार आली. अस्सल परवानग्यांची नोंदवही कुणालाही तपासता येईल अशी मांडलेली असती, तर ही फसवणूक इतकी सोपी झाली नसती. आणि कायदा मेला तरी त्याचा कागद लागतोच. नागरी जमीन कमाल धारणा कायदा 1976 चा, महाराष्ट्रात 2007 मध्ये रद्द झाला. पण ठाण्यात जमिनीचा व्यवहार करणारा प्रत्येक वकील आजही त्या मेलेल्या कायद्याच्या फायली मागतो.

मग सगळंच ठेवावं का? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांचा कौल जवळजवळ तसाच होता. 1964 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेसाठी त्यांनी चांगला-वाईट न बघता मिळेल ते रीळ मिळवलं. पुढच्या पिढीला काय मोलाचं वाटेल हे आपण ठरवू नये, अशी त्यांची धारणा. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळं आज उरली आहेत ती त्यांच्या या हावेमुळे. चित्रपट तेव्हा वर्षाला काही शेकडे निघत, म्हणून ते साधलं. सरकारी कागदाचं तसं नाही. एका महापालिकेत एका वर्षात निघणारा कागद ठेवायला दरवर्षी नवी इमारत बांधावी लागेल. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार सरकारी कागदांतले शंभरात एक ते तीनच कायम ठेवतं. इंग्रज अभिलेखतज्ज्ञ हिलरी जेन्किन्सन यांनी 1922 मध्ये म्हटलं होतं की अभिलेखपालाने निवड करूच नये, कार्यालयाने जे दिलं ते सांभाळावं. 1956 मध्ये अमेरिकेच्या शेलेनबर्ग यांनी त्याला उत्तर दिलं: कार्यालयाची गरज संपल्यावरही कागदाला दुसऱ्यांसाठी मोल उरतं, आणि ते ओळखणं हे अभिलेखपालाचंच काम आहे. मी शेलेनबर्गच्या बाजूचा. कार्यालयावर सोडलं तर कार्यालय स्वतःचीच सोय पाहतं.

तेव्हा निवड करायचीच. ती कशी, याबद्दल माझं मत सांगतो. पहिलं, सुट्या फायलीपेक्षा बांधीव वही आधी ठेवावी. फाइल एका प्रकरणाची असते. वहीत सगळ्या गावाची, सगळ्या पाळीची, सगळ्या वर्गाची नावं असतात, जी माणसं कधी कुठल्या प्रकरणात सापडली नाहीत त्यांचीसुद्धा. शाळेचं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची वही, हजेरीपट, घरपट्टीची आकारणी, सभेचं इतिवृत्त, ही पाच नावं मी कुठल्याही यादीत वर घालीन. एकसारख्या हजारो फायली असतील, जसे दुकानांचे परवाने, नळजोडणीचे अर्ज, तर त्यांतले ठरावीक वर्षांचे सगळे ठेवून बाकीचे सोडावेत. हाताला येतील ते ठेवले तर भांडणाच्या आणि बड्या माणसांच्या फायलीच उरतात.

दुसरं, ‘नाही’ म्हणायला शिकावं. संस्थांकडे देणगी म्हणून काय येतं? सत्काराचे अल्बम, मानपत्रं, छापील स्मरणिकांचे पन्नास-पन्नास प्रतींचे गठ्ठे. देणारा मान्यवर असतो, नकार देववत नाही, आणि त्या गठ्ठ्यांनी जी जागा अडते तिथे मागून आलेल्या कामगाराच्या ट्रंकेला वाव राहत नाही. लेखी धोरण असेल तर नकार माणसाने दिलेला राहत नाही, नियमाने दिलेला होतो.

तिसरं, जे सरकारी चौकटीत येत नाही ते मुद्दाम शोधत जावं. 1988 मध्ये स्त्रियांच्या कागदांसाठी, आवाजांसाठी, छायाचित्रांसाठी ‘स्पॅरो’ ही संस्था सुरू झाली. घोडबंदर रस्त्याच्या दुसऱ्या टोकापलीकडे दहिसरला तिचं काम चालतं. तिच्या संस्थापक सी. एस. लक्ष्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं की सरकारी दप्तरात बाई सापडते ती फिर्यादी, आरोपी किंवा विधवा म्हणून. तिचं बाकीचं आयुष्य हवं असेल तर तिच्याकडेच जावं लागेल. माजिवड्यातल्या आगरी बायकांनी विकलेल्या भाजीचा, मासळीचा, लावणीच्या मजुरीचा कागद कुठेच नाही. ज्यांनी भाताची खाचरं पाहिली, त्यातल्या आज ऐंशी ओलांडलेल्या बायका अजून आहेत. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं हे अभिलेखागाराचंच काम आहे, आणि त्याला आता उशीर चालणार नाही.

चौथं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जे नष्ट केलं त्याची यादी कायम ठेवावी आणि लोकांना दिसेल अशी प्रसिद्ध करावी. काय होतं, किती होतं, कुणी ठरवलं, कशासाठी. यादी आधी महिनाभर फलकावर आणि संकेतस्थळावर लावली, तर एखादा निवृत्त शिक्षक, एखादा युनियनवाला येऊन म्हणेल, थांबा, ही वही नका घालवू. आज नाशन झाल्यावर कळतं, तेही कुणी माहिती अधिकारात विचारलं तर.

एका शंकेचं उत्तर द्यायला हवं. स्कॅन केलं की प्रश्न संपला, असं अनेक अधिकारी मानतात. स्कॅनिंगने चांगलं काम झालं आहे. मोडीतला फेरफार घरबसल्या मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण काय स्कॅन करायचं हे मागणीवरून ठरतं, आणि मागणी जमिनीची असते. शिवाय स्कॅन झाल्यावर मूळ वही पोत्यात जाते. अंधुक आलेल्या पानाची शहानिशा मग कशावरून करायची? मूळ ‘अ’ वर्गाचा कागद स्कॅननंतरही कापडातच राहिला पाहिजे.

हे कुणी करायचं? पुराभिलेख संचालनालयाचं मुंबईचं कार्यालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि त्याची मुळं 1821 पर्यंत जातात. ठाण्याच्या शाळांच्या आणि बंद कारखान्यांच्या वह्यांपर्यंत त्याचे हात पोचणार नाहीत, पोचावेत अशी अपेक्षाही चूक. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका आपापलं शहर अभिलेखागार उभारण्याएवढ्या मोठ्या आहेत. कारखान्याच्या जमिनीवर गृहसंकुलाला परवानगी देताना महापालिका रस्ता मागते, बाग मागते, शाळेची जागा मागते. त्याच अटींत एक अट घालावी: कारखान्याचे हजेरीपट, नकाशे, करार आणि छायाचित्रं शहराच्या अभिलेखागारात जमा करावीत. विकासकाला याचा खर्च नगण्य आहे. सल्ल्याला माणसं हवीत तर 1893 चं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1864 पासूनचं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आहे. निवडीच्या समितीत इतिहासाचा प्राध्यापक असावाच, पण त्याच्याबरोबर एक निवृत्त कामगार, एक मुख्याध्यापिका, गावठाणातलं एक माणूस आणि मोडी जाणणारं एक माणूसही असावं. प्रत्येकाला दुसऱ्याला न दिसणारा कागद दिसतो.

खासगी कागद देताना लोक बिचकतात, आणि ते योग्यही आहे. आजारपण, कर्ज, घरातली भांडणं यांत असतात. अमुक वर्षं कुणाला दाखवायचं नाही, अशी अट घालून कागद देता येतो आणि संस्थेने ती पाळायची असते. एवढं लोकांना कुणी समजावून सांगितलं, तर पुष्कळ ट्रंका उघडतील.

तोवर वाचकांकडे एक मागणं आहे. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असाल तर पहिल्या सभेपासूनची इतिवृत्तं, मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला एका जागी ठेवा. उद्या मानीव अभिहस्तांतरणाला तेच लागतील. तुम्ही शाळा चालवत असाल तर जनरल रजिस्टरं तळमजल्यावर, जमिनीला टेकून ठेवू नका. 26 जुलै 2005 ला कल्याण-बदलापूरकडे पुराच्या पाण्याने काय केलं ते विसरण्यासारखं नाही. आणि ठाण्याच्या कुठल्याही कारखान्यात तुम्ही किंवा तुमच्या घरच्या कुणी नोकरी केली असेल, तर पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, युनियनची पत्रकं, खात्यातल्या माणसांचा एकत्र फोटो यांतलं काहीही रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलने नावं आणि साल लिहा. मग ते घेऊन जवळच्या ग्रंथालयात जा आणि विचारा, हे तुम्ही ठेवाल का. पुष्कळ लोकांनी विचारलं, तर त्यांना ठरवावं लागेल.